काखेतला अ‍ॅम्प: स्टेजसाठी नवं सामान घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेजवर आवाज पुरत नाही म्हटलं की पहिला विचार नव्या, मोठ्या अ‍ॅम्पचा येतो. पुष्कळदा कमी पडत असतं ते दुसरंच काहीतरी: एखादी केबल, एखादं सेटिंग, नाहीतर अ‍ॅम्प ठेवण्याची जागा. गिटार, बेस, कीबोर्ड वाजवणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना खरेदीच्या तोंडावर पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

खरेदीला निघण्याआधी घरातलं सामान तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वस्तूंची यादी करू नका, जॅकची करा. "एक कॉम्बो अ‍ॅम्प, एक कीबोर्ड, एक प्रोसेसर" अशा यादीतून काहीच हाती लागत नाही. तीच वस्तू उलटी फिरवून मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते उतरवून काढा: इन्स्ट्रुमेंट इन, ऑक्स इन, सेंड, रिटर्न, लाइन आउट, फोन्स, एक्स्टर्नल स्पीकर (आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेले ओहम, म्हणजे विद्युत अडथळ्याचा आकडा). बहुतेकांनी स्वतःच्या अ‍ॅम्पची मागची बाजू विकत घेतल्या दिवसानंतर पाहिलेली नसते.

मग कागदावर चार रकाने पाडा. पहिल्यात आवाजाचा उगम (पिकअप, माईक, कीबोर्ड). दुसऱ्यात सिग्नल वर उचलणाऱ्या आणि घडवणाऱ्या गोष्टी (प्रीअ‍ॅम्प, पेडल, मिक्सर, लॅपटॉपला माईक-वाद्य जोडायचा ऑडिओ इंटरफेस). तिसऱ्यात पॉवर अ‍ॅम्प, चौथ्यात स्पीकर. कॉम्बो अ‍ॅम्प एका रकान्यात लिहू नका. त्यात प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर अशा तीन वेगळ्या वस्तू एका पेटीत बसवलेल्या असतात, आणि मागचे जॅक त्या तिघांमधल्या सांध्यांवरच असतात. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरही (आतच पॉवर अ‍ॅम्प असलेला) तिसऱ्या-चौथ्या दोन्ही रकान्यांत येतो. हे मांडलं की रिकामा रकाना कुठला ते दिसतं. तो दुसरा असेल तर नवा अ‍ॅम्प आणून काहीही सुधारणार नाही.

माझा अ‍ॅम्प सरावाच्या खोलीत कान फाडतो आणि स्टेजवर ऐकूच येत नाही. जास्त वॅटचा घेऊ?

आधी आकडे पाहा. स्पीकर तोच ठेवून १५ वॅटऐवजी ३० वॅट दिले तर वाढ होते ३ डेसिबल, म्हणजे कानाला "जरासा मोठा झाला" एवढीच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती: १५ चे १५०. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. १ वॅटला १ मीटरवर ९४ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०० डेसिबलवाला बसवला, तर अ‍ॅम्पला हात न लावता चौपट शक्तीइतका फरक पडतो. वॅटचा आकडा डब्यावर मोठ्या अक्षरात असतो आणि सेन्सिटिव्हिटी माहितीपत्रकाच्या तळाशी, म्हणून लोक वॅटच्या मागे धावतात.

पण स्पीकर बदलण्याच्याही आधी अ‍ॅम्प कुठे ठेवलाय ते बघा. जमिनीवर ठेवलेला कॉम्बो आणि त्याच्यासमोर मीटरभर अंतरावर उभे तुम्ही, म्हणजे स्पीकर तुमच्या पोटऱ्यांसाठी वाजतोय. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, कडेला फारसे पसरत नाहीत. तो झोत तुमच्या गुडघ्यांमधून निघतो आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कपाळावर आदळतो. त्याला आवाज कर्कश वाटतो, तुम्हाला बोदा. तुम्ही ट्रेबल वाढवता, त्याचे हाल वाढतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, किंवा मागे कलवून झोत थेट स्वतःच्या कानाकडे येऊ द्या. जमलं तर तो स्टेजच्या कडेला ठेवून प्रेक्षकांऐवजी स्टेजच्या आडव्या दिशेने वळवा. या बदलाला काही मिनिटं लागतात आणि फरक पुष्कळदा नव्या अ‍ॅम्पपेक्षा मोठा असतो.

तिसरी गोष्ट मिडची, म्हणजे मधल्या सुरांच्या नॉबची. घरी एकट्याने वाजवताना बास आणि ट्रेबल वर, मिड खाली असं गोड लागतं. बँडमध्ये खालची जागा बेस आणि किक ड्रम घेतात, वरची झांजा घेतात, आणि गिटारला उरते ती साधारण ४०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झची मधली पट्टी. नेमकी तीच तुम्ही खाली ओढलेली असते. बास ४ वर, मिड ७ वर आणून पाहा. एकट्याने ऐकलं तर नाकातून बोलल्यासारखं वाटेल, पण सगळे वाजायला लागले की गिटार उठून ऐकू येईल. गेन (सिग्नल वर उचलणारा नॉब) खूप वाढवला असेल तर तोही थोडा उतरवा. फार फाटलेला आवाज दाबला जाऊन सपाट होतो आणि गर्दीत मागे पडतो.

आणि हॉलमध्ये पीए (प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा) असेल तर अ‍ॅम्पने हॉल भरायचाच नसतो. ५ वॅटच्या अ‍ॅम्पसमोर माईक लावला की उरलेलं काम पीए करतो. त्यासाठी वेगळा माईकही बहुधा लागत नाही. गायकाचा जादा एसएम५८ (शुअर कंपनीचा गाण्याचा माईक) पडून असेल तर तो वापरा. १९६५ चा एसएम५७ आणि १९६६ चा एसएम५८ हे दोघंही शुअरच्या युनिडाइन ३ या एकाच घराण्यातले. ५८ ची गोल जाळी आटे फिरवून काढली की तो ५७ च्या अगदी जवळ जातो. (उघडा कॅप्सूल नाजूक असतो, हाताळताना जपा.) माईक स्पीकरच्या कापडापासून २ ते ५ सेंटीमीटरवर, कोनच्या मध्याऐवजी थोडा कडेला ठेवा. मध्यावर आवाज टोचरा येतो, कडेकडे गेलात तसा मऊ होत जातो.

अ‍ॅम्पचा आवाज पूर्वीपेक्षा कमी झालाय, मध्येच बसतो, मग आपोआप परत येतो. बदलायची वेळ झाली का?

मागे सेंड आणि रिटर्न असे जॅक असतील तर आधी ही परीक्षा करा. गिटार लावून वाजवा, आणि मग एक छोटी पॅच केबल घेऊन तिचं एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये घाला. आवाज एकदम पूर्ण परत आला तर अ‍ॅम्प ठणठणीत आहे.

कारण असं. रिटर्न जॅकच्या आत एक छोटी स्प्रिंगची पत्ती असते. जॅकमध्ये काही खुपसलेलं नसेल तेव्हा प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल या पत्तीवरूनच पॉवर अ‍ॅम्पकडे जातो. सेंड-रिटर्नचा हा लूप कधीच वापरला नाही तर ती पत्ती वर्षानुवर्षं हललेली नसते. तिच्यावर धूळ आणि गंजाचा पातळ थर बसतो आणि सिग्नल अर्धवट जायला लागतो. जोरात एखादा खर्ज वाजला की कंपनाने पत्ती क्षणभर टेकते, म्हणून आवाज "आपोआप" परत येतो.

दुरुस्तीसाठी अ‍ॅम्प बंद करून प्लग काढा. एका जॅकच्या पिनवर इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर मारा आणि ती रिटर्नमध्ये १०-१५ वेळा आत-बाहेर करा. १५ मिनिटं वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका, तो मागे चिकटा ठेवतो आणि त्यावर आणखी धूळ बसते. कार्यक्रमाच्या तोंडावर वेळ नसेल तर पॅच केबल तशीच लावून ठेवा, काही बिघडत नाही.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर तोही क्लीनरचा मामला आहे, पण त्यासाठी अ‍ॅम्प उघडावा लागतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात.

रिटर्न जॅकचा आणखी काही उपयोग?

खूप मोठा, आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतो. रिटर्न म्हणजे पॉवर अ‍ॅम्पचं दार. प्रोसेसर (अनेक इफेक्ट एकाच पेटीत देणारा) किंवा प्रीअ‍ॅम्प पेडल पुढच्या इनपुटऐवजी रिटर्नमध्ये लावलं की कॉम्बोचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प, त्याचे टोन नॉब, त्याचा सगळा स्वभाव वगळला जातो आणि फक्त पॉवर अ‍ॅम्प व स्पीकर उरतो. "माझ्या प्रोसेसरचे आवाज माझ्या अ‍ॅम्पमधून घाण येतात" ही तक्रार बहुतेक वेळा दोन प्रीअ‍ॅम्प एकावर एक चढवल्यामुळे असते. प्रीअ‍ॅम्प बिघडलेला जुना कॉम्बोसुद्धा असा वापरता येतो.

एक खबरदारी घ्या. या वाटेवर अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम नॉब बऱ्याच मॉडेलांत चालत नाही, फक्त मास्टर चालतो, आणि काहींत तोही नाही. प्रोसेसरचा आउटपुट शून्यावर ठेवून जोडा आणि मग हळूहळू वाढवा.

गिटारच्या अ‍ॅम्पमधून कीबोर्ड, बेस, अकूस्टिक किंवा गाणं चालेल का?

आवाज येईल, पण चारही बाबतींत वेगवेगळ्या कारणांनी फसगत होते.

गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली पडतो. इलेक्ट्रिक गिटारला ते हवंच असतं, पण गाण्यात 'स' सारख्या अक्षरांचा बराचसा भाग त्याच्या वर राहतो, म्हणून शब्द नीट कळत नाहीत. शिवाय माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, गिटारच्या इनपुटला तो अपुरा. अकूस्टिक गिटारचा चमकदारपणा याच कारणाने जातो. कीबोर्ड हळू आवाजात सहन होतो. पियानो मात्र गादीखालून वाजल्यासारखा येतो.

बेसचं कारण वेगळं आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, बेसची ४१ ची. सूर जितका खाली, तितका त्याच आवाजासाठी कोन जास्त पुढे-मागे हलावा लागतो. गिटारच्या स्पीकरला तेवढी हालचाल झेपत नाही. खोलीत हळू वाजवलं तर चालतं, स्टेजच्या आवाजात कोन फाटतो किंवा कॉइल घासायला लागते.

उलट दिशेने मात्र पुष्कळ जमतं, आणि इथेच घरातली विसरलेली वस्तू सापडते. कीबोर्डचा अ‍ॅम्प म्हणजे खरं तर छोटा पीए आहे: पूर्ण पट्टीचा स्पीकर, दोन-तीन चॅनल, पुष्कळदा एका चॅनलला माईकचा तीन पिनांचा एक्सएलआर जॅक. त्यातून कीबोर्ड, गाणं, अकूस्टिक, लॅपटॉप सगळं निघतं. अकूस्टिक गिटारच्या अ‍ॅम्पचंही तेच. त्यातलं माईक इनपुट कित्येकांनी एकदाही वापरलेलं नसतं. ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असलेला बेस अ‍ॅम्प कीबोर्ड आणि अकूस्टिक दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतो.

प्रोसेसर थेट मिक्सरला लावला तर मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज येतो. का?

कॅबिनेट सिम्युलेशन (कॅब सिम, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल) बंद आहे. वर सांगितलं तसं गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा कचरा गाळून टाकतो. पीएचा स्पीकर तो इमानदारीने ऐकवतो. नियम असा: पीए, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर किंवा हेडफोनकडे जाताना कॅब सिम चालू, गिटारच्या अ‍ॅम्पकडे (पुढून किंवा रिटर्नमधून) जाताना बंद. दोन्हीकडे एकदम पाठवायचं असेल तर एक्सएलआरवर चालू आणि जॅकवर बंद असं वेगळं ठरवता येतं का ते ग्लोबल सेटिंगमध्ये शोधा. आणि त्या चॅनलवरचे ४८ व्होल्ट फँटम (माईकसाठी केबलमधून दिली जाणारी वीज) बंद ठेवायला साऊंडवाल्याला सांगा. काही पेडलच्या आउटपुटला ते सोसत नाहीत.

डीआय बॉक्स लागतोच का?

डीआय म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी. ती दोन कामं करते. वाद्याचा हाय इम्पिडन्स (जास्त विद्युत अडथळ्याचा) सिग्नल लो करते, आणि तो बॅलन्स्ड करते, म्हणजे लांब केबलवरून बाहेरची घरघर न पकडता जाईल असा. पहिलं काम तुमच्याकडची दुसरी एखादी वस्तू करू शकते, दुसरं सहसा नाही.

पहिलं काम न झाल्यास काय होतं ते वाद्यावर अवलंबून असतं. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण १० ते २० किलोओहमचं असतं. चुंबकी पिकअप थेट त्यात लावला तर वरचे सूर गळतात, आवाज मंद होतो. पिएझो पिकअपचं (अकूस्टिक गिटारमध्ये असतो तो) नेमकं उलटं: त्याचे खालचे सूर गळतात. पिएझो विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर असतो, समजा १ नॅनोफॅरडचा. समोर १० किलोओहम आले तर १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं, म्हणजे जवळजवळ काहीच उरत नाही. समोर १ मेगओहम आले तर तीच उतरण १६० हर्ट्झवर सुरू होते, १० मेगओहमला १६ हर्ट्झवर. अकूस्टिक पत्र्यासारखी वाजते तेव्हा दोष गिटारचा किंवा अ‍ॅम्पचा नसतो, या जोडणीचा असतो.

आता घरात शोधा. बफर असलेलं कुठलंही पेडल हे काम करतं, मग ते "बंद" असलं तरी चालेल. बॉसच्या बहुतेक छोट्या पेडलमध्ये असा बफर असतो. आत जाताना सुमारे १ मेगओहम, बाहेर पडताना सुमारे १ किलोओहम. म्हणजे तुमचा ट्यूनरच मध्ये लावला तरी मिक्सरला सिग्नल नीट मिळतो. ट्रू बायपास पेडल बंद असताना नुसती तार असते, त्याचा उपयोग नाही. मिक्सरच्या पहिल्या-दुसऱ्या चॅनलवर "हाय-झेड" (हाय इम्पिडन्स) बटण असेल तर तेही पुरतं. गिटारमध्येच ९ व्होल्टच्या सेलवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असेल तर लाइन इनपुटला थेट लावा.

हे सगळं ५-६ मीटरच्या केबलपर्यंत. मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल तर डीआय घ्या, त्याला पर्याय नाही. पिएझोला अ‍ॅक्टिव्ह; कीबोर्ड, लॅपटॉप आणि तगड्या आउटपुटच्या बेसला पॅसिव्ह उत्तम.

फोनवरचा ट्रॅक मिक्सरला लावला तर गायकाचा आवाज गायब होतो आणि फक्त रिव्हर्ब ऐकू येतो. मिक्सर गेला का?

मिक्सर बरोबर आहे, केबल चुकली आहे. फोनचा स्टिरिओ जॅक आणि मिक्सरचा बॅलन्स्ड जॅक दिसायला सारखेच, दोघांवर दोन काळ्या रेघा, तीन भाग. पण फोन टोकावर डावा आवाज पाठवतो आणि मधल्या कड्यावर उजवा. मिक्सर समजतो की कड्यावर टोकाचीच उलटी प्रत आहे, म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं (गायक, बेस, किक) वजाबाकीत शून्य होतं. उरतं ते फक्त दोन बाजूंना वेगळं असलेलं: रिव्हर्ब, पसरलेले पॅड.

एका टोकाला स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक अशी वाय केबल वापरा आणि दोन चॅनलांत घाला. रेकॉर्डिंगच्या सामानात ती बहुतेकांकडे पडलेली असते. कीबोर्डच्या हेडफोन जॅकमधूनही हाच घोळ होतो. तिथे मागचा "एल/मोनो" लिहिलेला जॅक एकटा वापरला की कीबोर्ड स्वतः दोन्ही बाजू एकत्र करून देतो. फोनचा आवाज ८०-९० टक्क्यांवर आणि मिक्सरचा गेन खाली ठेवा. एअरप्लेन मोड विसरू नका.

घरचा स्टिरिओ, स्टुडिओ मॉनिटर किंवा ब्लूटूथ स्पीकर स्टेजवर चालतील?

स्टुडिओ मॉनिटर मीटरभर अंतरावरून ऐकण्यासाठी असतात. दोघांच्या शांत कार्यक्रमात स्वतःला ऐकायला चालतील, प्रेक्षकांसाठी नाही. घरच्या स्टिरिओला तयार रेकॉर्डिंग वाजवायची सवय असते, त्यात उंच टोकं आधीच दाबलेली असतात. जिवंत वाद्याची टोकं सरासरीपेक्षा २० डेसिबलपर्यंत वर उडतात, अ‍ॅम्प क्लिप होतो (मर्यादेपलीकडे जाऊन फाटतो) आणि पहिला बळी ट्विटरचा जातो.

ब्लूटूथवर १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. आवाज हवेतून मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १५० मिलिसेकंद उशीर हा स्पीकर ५० मीटर दूर ठेवून त्यासोबत वाजवण्यासारखा. मध्यंतरात गाणी लावायला ठीक.

जुना पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प नसलेला) स्पीकर बॉक्स पडून आहे. माझ्या अ‍ॅम्पला लावू?

बहुधा हो, आणि एक्स्टर्नल स्पीकर जॅक असलेल्या कॉम्बोसाठी हा सगळ्यात फायद्याचा जुगाड आहे. आधी तीन गोष्टी तपासा.

ओहम: बॉक्सवरची पट्टी गेली असेल तर मल्टिमीटर लावा. वाचन नेहमी लिहिलेल्यापेक्षा कमी येतं. साधारण ६ आलं तर ८ ओहमचा, ३ ते ३.५ आलं तर ४ चा, ११ ते १३ आलं तर १६ चा. काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे. दोन ८ समांतर जोडले की ४ होतात, दोन १६ चे ८, आणि ८ सोबत ४ लावला तर २.७. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर ८ बिनधास्त लावा, शक्ती थोडी कमी मिळेल एवढंच, २.७ लावू नका, अ‍ॅम्प तापून बंद पडेल किंवा जळेल. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला ओहम जुळवावेच लागतात, आणि तो स्पीकरशिवाय कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

कोन: पाची बोटं पसरून दोन्ही हातांनी हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकली आहे. कडेची फोमची पट्टी भुगा होत असेल तर बॉक्स वाजवण्याआधी दुरुस्त करा.

दिशा: दोन बॉक्स एकत्र वापरायचे तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, अधिक टोकाला अधिक. दोघांचे कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत, आणि शेजारी ठेवल्यावर बास नाहीसा होईल.

केबलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नासधूस इथे होते. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल, दोन्हींच्या टोकाला तोच जॅक असतो. गिटारच्या केबलमधली तार केसासारखी बारीक. तिच्यातून स्पीकरचा करंट नेला तर ती तापते, वितळते, शॉर्ट होते, आणि अ‍ॅम्प घेऊन जाते. स्पीकरला १० मीटरपर्यंत किमान १.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची केबल लागते, त्यापुढे २.५. स्पीकर केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवा.

मिक्सर नाही, पण ऑडिओ इंटरफेस आहे. त्यावर कार्यक्रम होईल?

एक गाणारा आणि एक गिटार एवढ्यासाठी आरामात होईल. दोन इनपुट, दोन्हीला गेन, एकाला हाय-झेड, माईकला फँटम, मागून दोन बॅलन्स्ड आउटपुट: हा छोटा मिक्सरच आहे. डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपमधून न जाता थेट ऐकण्याची सोय) चालू ठेवलात तर उशीर जाणवत नाही. लॅपटॉपमधले इफेक्ट हवे असतील तर ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर ठेवा; तो एका दिशेला २.७ मिलिसेकंद घेतो, येणं-जाणं आणि कन्व्हर्टर धरून दहाच्या आसपास. अपडेट आणि वाय-फाय बंद करा. चार्जर लावल्यावर चिरचिर सुरू झाली तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. वेज मॉनिटर घ्यावा का?

आधी असलेला वेज (गाणाऱ्याकडे तोंड करून जमिनीवर ठेवलेला स्पीकर) कुठे आहे ते बघा. कार्डिऑइड माईक (मुख्यतः समोरचं ऐकणारा, एसएम५८ सारखा) बरोबर मागच्या बाजूने बहिरा असतो, म्हणून वेज थेट समोर, माईकच्या शेपटीकडे हवा. सुपरकार्डिऑइडचे बहिरे कोन १२५ अंशांच्या आसपास असतात, तिथे वेज थोडा कडेला सरकवा. माईक बदलला पण वेज हलवला नाही, की शिट्टी सुरू होते. माईकची जाळी मुठीत धरली तर सगळेच कोन बिघडतात. गाण्याच्या चॅनलवर ८० ते १०० हर्ट्झचा लो कट दाबा. बटण असतं, दाबलेलं नसतं.

स्वतःचे वायरचे इअरफोन असतील तर मिक्सरच्या प्री-फेडर ऑक्समधून (चॅनलच्या फेडरवर अवलंबून नसलेला वेगळा आउटपुट) इंटरफेसच्या लाइन इनपुटला सिग्नल द्या आणि डायरेक्ट मॉनिटर लावून त्याच्या हेडफोन जॅकमधून ऐका. वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घ्यायची गरज राहत नाही. आवाज बेताने ठेवा: ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या जागी धरली जाणारी मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात.

सगळं जोडलं की घुंघुं येते. जुन्या सामानामुळे का?

जुन्यामुळे नाही, बहुधा अर्थिंगच्या दोन वाटांमुळे. सगळं एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा. मग एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर घुंघुं थांबते ती वाट दोषी. तिथे डीआय लावून ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थची पिन कापू किंवा टेपने झाकू नका. बिघाड झाला तर करंट तुमच्या हातातून आणि ओठाला टेकलेल्या माईकमधून वाट काढतो. गिटार फिरवल्यावर घुंघुं कमी-जास्त होत असेल तर ती सिंगल कॉइल पिकअपची आहे, अर्थिंगची नाही.

केबल आणि सेल यांच्याबद्दल काही?

केबल लावून, आवाज मध्यम ठेवून, दोन्ही टोकं जॅकजवळ हलवा. कडकड आली तर आतला झाळ तुटत आलाय. उघडून पुन्हा डाग द्या. अकूस्टिकमध्ये केबल खुपसलेली राहिली की प्रीअ‍ॅम्प चालूच राहतो आणि ९ व्होल्टचा सेल उगाच उतरत जातो. फाटका, दबका आवाज आला की अ‍ॅम्पला दोष देण्याआधी मल्टिमीटर लावा. ८ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदला.

हे सगळं करून झालं. तरी कमी पडतंय. आता काय घेऊ?

दुसरा रकाना रिकामा असेल तर डीआय, कॅब सिम किंवा छोटा मिक्सर. तिसरा-चौथा रिकामा असेल, म्हणजे ड्रमच्या शेजारी वाजवायचं आहे, पीए मिळत नाही आणि असलेला स्पीकर कलवून, मिड वाढवूनही क्लिप होतोय, तर १० किंवा १२ इंची अ‍ॅक्टिव्ह पूर्ण पट्टीचा स्पीकर बघा. तो आज गिटारच्या प्रोसेसरला, उद्या कीबोर्डला, परवा गायकाच्या वेजला उपयोगी पडतो. पारखायला जाताना स्वतःचं वाद्य, स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची केबल न्या, दोन-तीन मीटर दूर उभे राहा आणि स्टेजच्या आवाजात वाजवा.

जुना कॉम्बो विकून टाकू का?

चालू असेल तर जादा म्हणून ठेवा. विकायचाच असेल, तर त्याआधी सेंड-रिटर्नमध्ये पॅच केबल घालून एकदा वाजवून बघा. नाहीतर "आवाज कमी येतो" असं सांगून पाडलेल्या किमतीत द्याल, आणि घेणारा घरी जाऊन तीच पत्ती साफ करेल.